मंजुरीसाठी थांबलेलं पत्र

“पाठवलेला कागद परत बोलावता येत नाही, म्हणून मला पाठवायची भीती वाटते,” असं नागलक्ष्मी एकदा म्हणाली होती, आणि तेही स्वतःच्या निवृत्तीच्या समारंभात. ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं जावक विभागात बसलेल्या बाईने गळ्यात हार असताना हे बोलावं, याचं लोकांना हसू आलं. तिला वाटलं, आपण काही चुकीचं बोललो. घरी जाताना बसमध्ये तिने ते वाक्य मनात पुन्हा तपासून पाहिलं. त्यात चूक सापडेना.

ती घाबरट होती हे खरं. पाकीट बंद करण्याआधी आतला कागद तीनदा बाहेर काढून बघायची. वरिष्ठांची सही असली तरी सहीखालची तारीख बघायची, आणि तारीख असली तरी ती आजचीच आहे ना, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची. तिच्या हातून सहीवाचून एकही कागद बाहेर गेला नाही. लोक याला शिस्त म्हणत. ती काय होती ते तिला ठाऊक होतं.

निवृत्तीनंतर तंजावूरच्या मराठी कुटुंबांच्या मंडळाचं पत्रक तिच्याकडेच आलं. खरं तर ते आधीपासूनच तिच्याकडे होतं. आता दुसरं कामच उरलं नाही, एवढाच फरक. राजवाड्यामागच्या गल्लीत तिच्या दोन खोल्या, आणि त्याच गल्लीच्या तोंडाशी मंडळाची खोली. पत्रक मराठीत असायचं, पण तमिळ अक्षरांत, कारण देवनागरी वाचणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी. कोणाकडे बारसं, कोणाचं लग्न ठरलं, कोणाचा मुलगा बंगळूरला लागला.

कोण गेलं, हे मात्र पत्रकात नसायचं. त्याचं वेगळं कार्ड निघे, आणि त्याच्या एका कोपऱ्याला नागलक्ष्मी काळी शाई लावी. ते कार्ड कोणी घरात नेत नसे. उंबऱ्याबाहेर उभ्यानेच वाचायचं, तिथेच फाडायचं आणि अंघोळीला जायचं. सुतक लागतं ते ऐकल्यावर. ऐकलंच नाही, तर लागत नाही. म्हणून ज्या घरी मंगलकार्य असेल, त्या घरची माणसं काळा कोपरा लांबूनच ओळखून पोस्टमनला म्हणत, “हे शुक्रवारनंतर आण, अय्या.” पोस्टमनही तमिळ माणूस, पण समजून घ्यायचा. कार्ड पिशवीत परत जायचं. यात कोणी कोणाला फसवलं असं कोणालाच वाटत नसे. देवक बसलं, नांदीश्राद्ध झालं, की मग कळलं तरी कार्याला बाध येत नसे. मरणाला चार दिवस दाराबाहेर थांबवायची ही सोय किती पिढ्या चालत आली, कोण जाणे.

नागलक्ष्मी सव्वीस वर्षांची असताना असंच एक कार्ड तिच्या घरी आलं होतं. लग्नाला तीन दिवस होते. वडील ओट्यावर बसले होते, त्यांचा चष्मा घरात होता, त्यांना कोपरा दिसला नाही. त्यांनी ते मोठ्याने वाचलं. चुलत आजोबा गेले होते. वडील सरळ माणूस. वाचलं ते वाचलं म्हणाले. लग्न पुढे गेलं, मग आणखी पुढे गेलं, मग मुलाकडच्यांनी दुसरीकडे जमवलं. कोणाची चूक नव्हती. त्यानंतर कोणी फारसं विचारायला आलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

पोस्टकार्डं संपली. व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला, पण देवळातल्या पूजेच्या पाळीवरून त्यात अशी भांडणं झाली, की तो बंद करावा लागला. मग नागलक्ष्मीने आपल्या साध्या मेलवरून एका दमात चारशे बारा जणांना पत्रक पाठवलं. अर्ध्यांचं स्पॅममध्ये गेलं आणि तिचं खातं दिवसभर बंद पडलं. तो दिवस तिने न जेवता काढला. तेव्हा मंडळाचा चिटणीस सतीशकुमार, जो इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, म्हणाला, “अक्का, यासाठी वेगळी टूल्स असतात. कंपन्या वापरतात. आपण तीन बघू, एक निवडू.”

तीन टूल्स तिने महिनाभर वापरून पाहिली. पहिल्यात तमिळ अक्षरांचे चौकोन झाले. बारशाची बातमी नुसत्या चौकोनांची माळ होऊन गेली. दुसरं चांगलं होतं, पण प्रत्येक पत्राखाली ते ‘अनसबस्क्राइब’ असं ठळक लिहायचं. मंडळाचे अध्यक्ष बाळकृष्णराव शहात्तर वर्षांचे. ते फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून म्हणाले, “आपल्या घरांतून नाव काढायचं बटण? जन्मल्यावर अनसबस्क्राइब कसला गं, नागु?”

“तो कायदा आहे, अण्णा,” सतीशकुमार म्हणाला. “सगळ्यांत असतं. तिसऱ्यात जरा बारीक अक्षरांत आहे, एवढंच.”

“बारीक असू दे. पण माझ्या नजरेखालून गेल्यावाचून एकही पत्र जायचं नाही. आजवर गेलेलं नाही.”

हे खरं होतं. पत्रकाच्या प्रत्येक मसुद्यावर, काळ्या कोपऱ्याच्या कार्डावरसुद्धा, आधी अध्यक्षांचं ‘पाहिलं’ यायचं आणि मगच नागलक्ष्मी ते टपालात टाकायची. तिसऱ्या टूलमध्ये नेमकी तशीच सोय निघाली. एका माणसाला मंजुरी देणारा नेमायचा. पत्र तयार झालं की आधी त्याच्याकडे जातं, त्याने हो म्हटलं की सुटतं. नागलक्ष्मीला इतकं हायसं वाटलं, की ती एकटीच हसली. कोणाची तरी सही असणार होती. खातं तिच्या नावावर उघडलं, मंजुरीला बाळकृष्णरावांचं नाव घातलं, आणि येत्या बुधवारच्या बैठकीत हेच टूल कायम करायचं ठरलं.

त्या आधीच्या रविवारी दुपारी ओरत्तनाडूहून मंडळाच्याच वेंकटरावाचा फोन आला. त्याचे वडील कृष्णाजी सकाळी गेले होते.

कृष्णाजी म्हणजे बाळकृष्णरावांचे सख्खे चुलत भाऊ. त्याच पूजेच्या पाळीवरून दोन्ही घरांचं बोलणं बंद होऊन सहा वर्षं झाली होती. एका घरचा माणूस दुसऱ्या घरी फोन करणार नव्हता. मंडळाचं पत्र हाच काय तो दोघांमधला उरलेला धागा. आणि बाळकृष्णरावांची नात वर्षा हिचं लग्न त्याच शुक्रवारी तिरुवैयारूला होतं. गुरुवारी सकाळी नांदी.

“अक्का, पत्र उद्याच जाऊ दे,” वेंकटराव म्हणाला. “दहावा पुढल्या मंगळवारी. कोइमतूर, होसूर, सगळीकडच्यांना कळायला हवं.”

“उद्या सकाळी पाठवते,” ती म्हणाली.

सोमवारी पहाटे अंघोळ करून ती लॅपटॉपसमोर बसली. पत्र लहानच होतं. विषयाच्या जागी तिने नुसतं ‘दुःखद’ लिहिलं. काळ्या कोपऱ्याऐवजी तिला तेवढंच सुचलं. मग यादी उघडून एकेक नाव वाचत तिने बाळकृष्णरावांचं, त्यांच्या मुलाचं, सुनेचं, वर्षाचं, लग्नघरी उतरलेल्या पाहुण्यांचं, असे अठरा पत्ते वगळले. तीनदा मोजले. ती यादी मुळात कृष्णाजींचीच होती. वीस-बावीस वर्षांपूर्वी ते सायकलवरून घरोघर हिंडून नावं लिहून आणायचे. कोणाची मुलगी कुठे दिली, कोण कुठल्या गावी गेलं. त्यांच्या वहीवरूनच नागलक्ष्मीने सगळं टाइप केलं होतं. आता त्यांचं पत्र त्यांच्याच यादीला जाणार होतं. तिने ‘पुढे’ दाबलं.

पडद्यावर हिरवी पट्टी आली. ‘मंजुरीसाठी पाठवलं: बाळकृष्णराव.’

तिचे हात टेबलावरच राहिले. अठरा नावं तिने वगळली होती, आणि मंजुरीतलं एक तिला आठवलंच नव्हतं. मंजुरीची जागा यादीत नव्हतीच. यादीच्या आधी होती. तिने परत बोलावायचं बटण शोधलं. तसं बटण नव्हतं. ते झोपेत असतील, असं ती स्वतःशी म्हणाली. फोन वर्षाकडे असेल. ‘दुःखद’ वाचून उघडणारच नाहीत. कोण उघडेल, लग्नाच्या घरात?

सहा वाजून बारा मिनिटांनी हिरव्या पट्टीखाली बारीक ओळ आली. ‘पाहिलं.’

मग सहा वीसला पुन्हा एकदा. मग सहा एकेचाळीसला. तीन ओळी एकाखाली एक. मंजूर नाही, नामंजूर नाही. ते तिसऱ्यांदा उघडून काय बघत असतील, हे तिच्या डोळ्यांसमोर येऊ लागलं आणि तिने लॅपटॉप मिटला. पोस्टमनच्या पिशवीत कधी असलं काही नोंदलं जात नव्हतं. वाचणाऱ्याने कार्ड वाचलं की नाही, हे त्याला आणि देवालाच ठाऊक. इथे तिलाही ठाऊक झालं होतं, आणि तिला ते नको होतं.

नऊला बाळकृष्णरावांचा फोन आला. “नागु, कॉफी झाली का? मुहूर्ताचा खांब रोवला. मांडवाला केळीचे खुंट आले, पण एकाची पानं फाटलेली. पंदलवाला म्हणतो दुसरा आणतो.” आवाज मोठा होता, पलीकडे माणसं असताना काढतात तसा. मग तो जरा खाली आला. “ते तुझं टूल बरोबर नाही. मज काहीच येत नाही त्यातून. एकही मेल नाही. परवा बैठकीत सांगून टाक. हे नको, दुसरं घेऊ. आणि हे खातं बंदच कर. उगाच ठेवायचं कशाला?”

“सरी, अण्णा. बरं,” ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण त्यांना ‘काहीच आलं नाही का?’ असं विचारलंसुद्धा नाही. विचारायला हवं होतं. न विचारल्यामुळे त्यांना कळलं असणार.

खातं बंद करायचं पान तिने मंगळवारी सकाळी उघडलं. तिथे लिहिलं होतं, की सगळा मजकूर, याद्या आणि नोंदी कायमच्या जातील. तुमची खात्री आहे का? एक बोट खाली दाबलं की सहा बारा गेलं असतं, सहा वीस गेलं असतं, वर्षाचं लग्न निर्धास्त झालं असतं. आणि कृष्णाजींचं पत्रही गेलं असतं. दहाव्याला कोणी आलं नसतं. ज्या माणसाने चारशे घरं गोळा केली, तो मेल्याचं त्या चारशे घरांना कळलं नसतं, किंवा कुठून तरी वासासारखं कळलं असतं. यादी तिने दुसरीकडे उतरवून ठेवली. पण बोट खाली गेलं नाही. तिने खिडकी लावून घेतली, मग गरम होऊ लागलं म्हणून उघडली.

दुपारी वेंकटरावाने फोन करून विचारलं, “अक्का, पत्र कोणालाच पोचलं नाही. होसूरच्या आत्याला आत्ताच विचारलं.”

“थोडं अडलंय, बाबा. नवीन आहे ना.”

“कोठे अडलंय? टूलमध्ये की माणसात?”

फोनमधून तिला त्याच्या घरातल्या पंख्याची करकर ऐकू येत होती.

“मंजुरीला बाळूकाकांकडे जातं ना सगळं?” तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, त्याने ती अधिकच घाबरली. “मज लग्न मोडायचं नाही, अक्का. वर्षा माझीही पोर. मी कोणास बोलणार नाही. त्यांनी पाहिलं का, तेवढंच सांगा. अप्पा शेवटल्या आठवड्यात दोनदा विचारत होते, बाळू आला का म्हणून. पाहून गप्प बसलेत की ठाऊकच नाही, तेवढं मज कळू दे.”

“मी... बघते,” ती म्हणाली, आणि बघायचं काहीच नसताना तिने लॅपटॉप उघडला. तीन ओळी होत्या तिथेच होत्या. “तुझा फोन कटतोय,” असं म्हणून तिने ठेवून दिला. तो कटत नव्हता. अठ्ठावन्न वर्षांत ती पहिलंच, इतकं लहान खोटं बोलली आणि तेही तिला धड जमलं नाही.

बुधवारी चार वाजता बैठक. खोलीत चौघंच होती: बाळकृष्णराव, सतीशकुमार, तिरुवैयारूला वीणा शिकवणारी खजिनदार संगीता, आणि लॅपटॉप पुढ्यात घेऊन नागलक्ष्मी. वेंकटराव पाचवा, पण तो सुतकात. त्याची खुर्ची रिकामी होती आणि ती रिकामी का, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. अर्ध्या तंजावूरला ठाऊक होतं, आणि लग्नघरासमोर सगळं तंजावूर गप्प होतं. उद्या सकाळी साडेसातला नांदी होईपर्यंत असंच गप्प राहायचं होतं.

“अत्तै लोक आले का सगळे?” संगीताने बाळकृष्णरावांना विचारलं.

“आले. सगळ्या आत्या जमल्यात, घरात पाय ठेवायला जागा नाही. एकीला पलंग हवा, एकीला फिल्टर कॉफीच हवी, ती पण दर तासाला.” ते हसले. त्यांची दाढी नीट झाली नव्हती, गळ्यापाशी पांढरे खुंट राहिले होते. “चला, कामाचं बघू. मज लवकर जायचंय.”

सतीशकुमारने कागद काढला. “तिसरं टूल कायम करायचं, असं आपलं ठरलंय. तमिळ अक्षरं बरोबर येतात, स्पॅममध्ये जात नाही, मंजुरीची सोय आहे.”

“तेच चालत नाही,” बाळकृष्णराव म्हणाले. “मज काही येतच नाही. नागुला विचार.”

“असं कसं? मी तुमच्यासमोरच चाचणी केली होती, अण्णा. आली होती मेल.”

“तेव्हा आली. आता येत नाही.”

“मग सेटिंग बिघडलं असेल.” सतीशकुमार खुर्चीवरून अर्धा उठला. “अक्का, स्क्रीन इकडे करा बघू. कोणाला काय गेलं, कोणी उघडलं, सगळं दिसतं त्यात. एका मिनिटात कळेल.”

नागलक्ष्मीने लॅपटॉपच्या दोन्ही कडा धरल्या. पडद्यावर त्या तीन ओळी होत्या. सकाळपासून तिने ते पान बंद केलं नव्हतं, बंद केलं तर आणखी काही होईल अशी भीती वाटून. सतीशकुमार टेबलाला वळसा घालून येऊ लागला. तिने वर बघितलं तेव्हा बाळकृष्णराव तिच्याकडेच बघत होते. तिला वाटलं होतं, त्यांच्या डोळ्यांत दम असेल. तिथे तसं काही नव्हतं. खालचा ओठ हलत होता, आणि तो हलतोय हे त्यांना कळत नव्हतं. तिच्याहून जास्त घाबरलेलं माणूस तिने यापूर्वी पाहिलं नव्हतं.

“बस रे तू,” संगीता सतीशकुमारला म्हणाली. “त्यांचं त्या बघतील. कॉलेजातल्या पोरांची तपासतोस तशी कॉपी तपासतोस काय?”

तो हसला आणि परत बसला. संगीताला सगळं कळलं होतं की काहीच नाही, हे नागलक्ष्मीला कधीच समजलं नाही.

“नागु,” बाळकृष्णराव हळू म्हणाले, “बंद करून टाक.”

तिने मान खाली घातली. खात्याच्या पानावर दोन वाटा होत्या. खाली, लाल अक्षरांत, खातं बंद करा. वर, साध्या अक्षरांत, मंजुरी देणारी व्यक्ती बदला. वरच्या ओळीवर तिने दाबलं. बाळकृष्णरावांचं नाव खोडलं आणि त्या जागी स्वतःचं नाव टाइप केलं. तेहतीस वर्षं ज्या चौकोनात ती दुसऱ्यांच्या सह्या शोधत आली, त्या चौकोनात आता तिचं स्वतःचं नाव होतं. पत्र पुन्हा समोर आलं. कृष्णाजी, वय एकोणऐंशी, ओरत्तनाडू. दहावा मंगळवारी. वगळलेले पत्ते अठरा. तिने ते चौथ्यांदा मोजले. मग मंजूर केलं, आणि पाठवलं.

आधी सतीशकुमारच्या खिशात वाजलं. मग टेबलावर ठेवलेला संगीताचा फोन थरथरत दोन बोटं सरकला. संगीताने तो उचलला, एक ओळ वाचली आणि पालथा घालून ठेवला. सतीशकुमारने खिशातून अर्धाच बाहेर काढून बघितला. त्याचा चेहरा उतरला, त्याने बाळकृष्णरावांकडे बघायचं टाळलं आणि छताकडे बघत म्हणाला, “अण्णा, नादस्वरम् तिरुवैयारूचाच सांगितलाय ना?”

“हं.”

“चांगला वाजवतो तो.”

बाळकृष्णरावांचा फोन त्यांच्यासमोर उताणा पडला होता. तो वाजला नाही. ते त्याच्याकडे बघत राहिले. काळ्या काचेत वरची ट्यूबलाइट दिसत होती. बाहेर गल्लीतून कोणी तरी दुसऱ्या कोणाला हाक मारली, तेव्हा ते दचकले. मग त्यांनी फोन दोन्ही हातांनी उचलला, उलटा करून बघितला आणि परत तसाच ठेवला.

नागलक्ष्मीने पडदा पुन्हा एकदा पाहिला. तीनशे चौऱ्याण्णव जणांना गेलं. त्याखाली त्या तीन ओळी तशाच होत्या, पुसल्या गेल्या नव्हत्या. आता त्या फक्त तिच्या खात्यात राहणार होत्या, आणि वेंकटराव संध्याकाळी फोन करणार होता.

“तर मग टूल कोणतं लिहू?” सतीशकुमारने कागदावर पेन टेकवून विचारलं.

संगीताने पालथा फोन आणखी बाजूला सरकवला.

“बंद केलंस ना, नागु?” बाळकृष्णरावांनी विचारलं. आवाज इतका बारीक झाला होता, की तो त्यांचाच आहे हे संगीताला वळून बघावं लागलं.

नागलक्ष्मीने लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला, पिशवी छातीशी धरली. उठताना खुर्ची भिंतीला लागली. दाराशी तिने चपला घातल्या. एक उलटी पडली होती, ती पायाने सरळ करायला वेळ लागला. आत तिघंही तिच्या पाठीकडे बघत असणार. तिने मागे बघितलं नाही, आणि खातं बंद न करताच ती गल्लीत उतरली.